माशांचे नवे घर

मनू आणि मासा यांची कथा आपल्या देशात फार प्राचीन काळापासून सांगितली जाते. शतपथ ब्राह्मणात ती आहे आणि महाभारताच्या वनपर्वातही आहे. महाभारतातील कथा अशी : मनू नदीकाठी तपश्चर्या करीत असता एक इवलासा मासा काठाशी आला आणि मोठ्या माशांपासून आपले रक्षण करावे, अशी त्याने विनवणी केली. मनूला दया आली. त्याने त्या माशाला उचलून पाण्याने भरलेल्या एका मडक्यात ठेवले. मासा वाढू लागला आणि मडके त्याला पुरेना. मनूने त्याला मोठ्या तळ्यात सोडले. तळेही पुरेना, तेव्हा गंगेत नेले. आणि गंगाही अपुरी पडली, तेव्हा समुद्रापर्यंत पोचविले. पुढे प्रलय आला, तेव्हा त्याच माशाने मनूची नौका तारली.

ही कथा ऐकताना आपले मन प्रलयात आणि नौकेत गुंतून जाते. पण त्याआधीचा भागही विचार करण्यासारखा आहे. मनूने माशाला आसरा दिला, तेव्हा तो बोटाएवढा होता. तो वाढणार, हे ओघानेच आले. आसरा देणाऱ्याने त्याच्या वाढीबरोबर त्याला मोठे पात्र शोधून दिले पाहिजे, हेही ओघानेच आले. मनूने ते कर्तव्य कंटाळा न करता पार पाडले. आज घरोघरी काचेच्या टाकीत मासे पाळले जातात. तेथेही हा प्रश्न उभा राहतो. आणि सिक्लिड कुळातील मासे पाळणाऱ्यांच्या घरी तर तो हमखास उभा राहतो.

सिक्लिड हे माशांचे एक मोठे कुळ आहे. त्यात सतराशेहून अधिक जाती शास्त्रज्ञांनी नोंदविल्या आहेत. त्यांतील बहुतेक आफ्रिकेतील सरोवरांत आणि मध्य व दक्षिण अमेरिकेतील नद्यांत राहतात. भारतात या कुळाच्या मूळच्या जाती अवघ्या तीन. त्यांपैकी खाडीच्या मचूळ पाण्यात राहणारा एक मासा गोव्यात कालुंदर या नावाने ओळखला जातो; केरळात त्यालाच करीमीन म्हणतात आणि २०१० साली त्या राज्याने त्याला राज्यमत्स्याचा मान दिला. उजनी जलाशयाच्या काठी चिलापी म्हणून विकला जाणारा तिलापिया हाही याच कुळातला. मात्र तो मूळचा आफ्रिकेचा, १९५२ साली भारतात आणला गेलेला. घरच्या टाकीत मंदपणे तरंगणारा, लांब पंखांचा एंजलमासा तुम्ही पाहिला असेल. तोही सिक्लिडच.

या कुळातील जातींमध्ये आकाराचा केवढा फरक असावा! आफ्रिकेतील टांगानिका सरोवरात असे काही सिक्लिड आहेत, की ते जेमतेम तीन-चार सेंटीमीटर लांब असतात आणि गोगलगायीच्या रिकाम्या शिंपल्यात आपले बिऱ्हाड थाटतात. त्याच सरोवरात जवळजवळ हातभर लांबीचाही सिक्लिड आहे. तेव्हा "सिक्लिडला केवढी टाकी लागते?" या प्रश्नाला एकच उत्तर नाही. आधी "कोणता सिक्लिड?" हे विचारले पाहिजे.

उदाहरणासाठी आपण ऑस्कर हा मासा घेऊ. हा अमेझॉन नदीच्या खोऱ्यातील रहिवासी. काळसर अंगावर नारिंगी छटा आणि शेपटीच्या बुडाशी डोळ्यासारखा एक गोल ठिपका, यांमुळे तो चटकन ओळखू येतो. दुकानात तो मिळतो, तेव्हा बोटभर असतो. पाहताक्षणी मूल हट्ट धरते आणि वडीलमाणसे तो विकत घेतात. घरी साठ सेंटीमीटर लांब, तीस सेंटीमीटर रुंद आणि तीस सेंटीमीटर उंच अशी टाकी असते. त्या दिवशी ती ऐसपैस वाटते. परंतु ऑस्कर झपाट्याने वाढतो. वर्षभरात तो वीतभर होतो. पुढे त्याची लांबी तीस सेंटीमीटरपर्यंत जाते आणि नीट सांभाळल्यास तो दहा वर्षांहूनही अधिक जगतो. टाकीची रुंदी तीस सेंटीमीटर आणि माशाची लांबीही तीस सेंटीमीटर! अशा माशाने वळावे तरी कसे?

येथे एका गैरसमजाची दखल घेतली पाहिजे. मासा टाकीच्या मापानेच वाढतो, म्हणून टाकी लहान असली तरी चालते, असे पुष्कळ लोक म्हणतात. लहान टाकीत माशाची वाढ कधीकधी खुंटते, हे खरे आहे. परंतु ते समाधानाचे लक्षण नव्हे. कोंडलेले, घाण झालेले पाणी आणि हालचालीला जागा नसणे यांमुळे त्याची प्रकृती बिघडलेली असते. अंगरखा तोकडा पडला म्हणून मुलाने वाढू नये, असे कोणी म्हणेल काय?

आता थोडे गणित करू. जुनी टाकी ६० × ३० × ३० सेंटीमीटरची आहे. काठोकाठ भरली, तर तिच्यात ५४,००० घनसेंटीमीटर, म्हणजे ५४ लिटर पाणी मावते. नवी टाकी १८० × ६० × ६० सेंटीमीटरची घेतली, तर तिच्यात ६४८ लिटर पाणी मावेल. लांबी तिप्पट, रुंदी दुप्पट, उंची दुप्पट. पण पाणी मात्र बारापट! मासा तोच, त्याची विष्ठाही तेवढीच. परंतु ती आता बारापट पाण्यात विरघळते. मोठ्या टाकीचे पहिले वैभव हे आहे. लहान टाकीत एखादा अन्नाचा कण सडला तरी पाणी बिघडते. मोठ्या टाकीत पाणी सहसा एकाएकी बिघडत नाही, आणि बिघडू लागलेच तर सावरण्यास अवधी मिळतो. उन्हाळ्यातील दुपार असो की नाशिककडची हिवाळी रात्र असो, मोठा जलसाठा सावकाश तापतो आणि सावकाश निवतो. शिवाय पाण्याचा पृष्ठभाग १,८०० चौरस सेंटीमीटरवरून १०,८०० चौरस सेंटीमीटरवर गेल्यामुळे हवेतील प्राणवायू पाण्यात मिसळण्यास सहापट जागा मिळते.

पण वैभव आले की त्याचा भारही वाहावा लागतो. एक लिटर पाण्याचे वजन एक किलोग्रॅम. म्हणजे नव्या टाकीतील पाण्याचेच वजन ६४८ किलोग्रॅम झाले. बारा मिलिमीटर जाडीची काच वापरली, तर पाचही बाजूंच्या काचा मिळून सुमारे १२० किलोग्रॅम भरतात. त्यात तळाची वाळू धरली, की सगळा भार आठशे किलोग्रॅमच्या आसपास जातो. हा भार एक चौरस मीटरहून थोड्याच अधिक जागेवर पडणार. राहत्या घरांची बांधणी करताना माणसे व सामान यांसाठी दर चौरस मीटरला सुमारे २०० किलोग्रॅम भार धरण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. म्हणून अशी टाकी वरच्या मजल्यावर ठेवायची असेल, तर इमारतीची माहिती असलेल्या अभियंत्याचा सल्ला घेतल्यावाचून एक पाऊलही पुढे टाकू नये. तळमजल्यावर पक्की जमीन असेल, तर काळजी पुष्कळ कमी होते.

टाकीच्या काचेवर किती जोर पडतो, हेही पाहण्यासारखे आहे. पाण्याचा दाब खोलीबरोबर वाढतो. पृष्ठभागाशी तो शून्य आणि साठ सेंटीमीटर खोलीवर दर चौरस सेंटीमीटरला साठ ग्रॅम. म्हणजे सरासरी तीस ग्रॅम. समोरच्या काचेचे क्षेत्रफळ १०,८०० चौरस सेंटीमीटर. गुणाकार केला, की ३,२४,००० ग्रॅम, म्हणजे ३२४ किलोग्रॅम! पाच-सहा प्रौढ माणसांच्या वजनाइतका हा जोर ती काच रात्रंदिवस निमूटपणे सोसत असते. म्हणून काचेची जाडी, सांधे जोडणारा सिलिकॉनचा लेप आणि खालची तिवई यांत काटकसर करू नये. तिवई मांडल्यावर गवंड्याकडील पाणसळ ठेवून ती समतल आहे की नाही, ते पाहावे. टाकीखाली थर्मोकोलचा पातळ तक्ता अंथरावा. एक कोपरा जरी उंच राहिला, तरी सगळा ताण एका सांध्यावर येतो आणि काच तडकते. टाकी खिडकीच्या उन्हात ठेवू नये. उन्हाने शेवाळ माजते आणि पाणी तापते.

जागा ठरली, टाकी बसली; आता घर सजवायचे. सिक्लिड मासे जागेच्या बाबतीत मोठे मानी असतात. प्रत्येक मासा किंवा जोडपे तळाचा काही भाग आपला मानून त्याची सीमा राखते आणि तीत पाऊल टाकणाऱ्याला हुसकून लावते. मळ्याच्या बांधावरून भांडणारे भाऊबंद आपल्याला ठाऊक आहेतच! टाकी अपुरी असली, की हरलेल्या माशाला पळून जाण्यास जागा उरत नाही. तो कोपऱ्यात दबून राहतो आणि पुष्कळदा मरतो. म्हणून सिक्लिडांसाठी टाकीच्या उंचीपेक्षा तळाची लांबी-रुंदी अधिक मोलाची. दगडांच्या राशी रचून दृष्टीआड होण्याच्या जागा कराव्यात. एक खबरदारी मात्र घ्यावी. हे मासे तोंडाने वाळू उकरतात. दगड वाळूवर रचले, तर खालची वाळू निघून रास कोसळते. म्हणून दगड आधी टाकीच्या तळावर पक्के बसवावेत आणि मग भोवती वाळू पसरावी.

दगडही पारखून घ्यावे लागतात. दगडावर व्हिनेगरचे चार थेंब टाकावेत. बुडबुडे येऊन तो फसफसला, तर त्यात चुना आहे असे समजावे. असा दगड पाण्याचा क्षार वाढवितो. आफ्रिकेतील मलावी आणि टांगानिका या सरोवरांचे पाणी मुळातच क्षारयुक्त, म्हणून तेथील माशांना तो मानवतो. अमेझॉनच्या खोऱ्यातील पाणी मात्र बहुतेक ठिकाणी सौम्य असते. तेथील माशांना तो नको. आपल्या सह्याद्रीचा काळा बेसॉल्ट पाण्यात सहसा काही बदल करीत नाही. दोन खंडांतील माशांना एकाच टाकीत का कोंबू नये, हेही यावरून ध्यानात येईल.

आता सर्वांत महत्त्वाच्या गोष्टीकडे वळू. टाकी आली, दगड रचले, नळाचे पाणी भरले आणि त्याच संध्याकाळी मासे सोडले, असे अनेक घरी घडते. पाणी आरशासारखे निर्मळ दिसते. तरीही थोड्या दिवसांत मासे एकामागून एक दगावू लागतात. घरची माणसे चकित होतात. पाणी स्वच्छ होते, टाकी मोठी होती, मग चुकले कोठे?

याचे उत्तर मिळण्यास मनुष्याला बराच काळ लागला. १८५० साली लंडनमधील रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने आपल्या एका प्रयोगाची हकिकत प्रसिद्ध केली. त्याने पाण्याच्या पात्रात दोन सोनमासे आणि एक पाणवनस्पती ठेवली. वनस्पती माशांना प्राणवायू पुरवील, ही त्याची अपेक्षा होती. ती खरी ठरली. पण वनस्पतीची कुजकी पाने पाणी नासवू लागली. तेव्हा त्याने त्या पात्रात तळ्यातील गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजका पाला खाऊन टाकला आणि पात्रातील जीवन सुरळीत चालू लागले. पाण्यात एकटा मासा नांदू शकत नाही. त्याला सोबत्यांची गरज असते, हा धडा त्या पात्राने शिकविला.

त्या सोबत्यांपैकी सर्वांत उपयोगी सोबती मात्र डोळ्यांना दिसत नाहीत. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया नावाचा पदार्थ पाण्यात सोडीत असतो. उरलेले अन्न कुजले, की त्यातूनही अमोनियाच निर्माण होतो. माशाला तो विषासारखा बाधतो. परंतु निसर्गात काही सूक्ष्म जीवाणू या अमोनियावरच जगतात आणि त्याचे नायट्राइट बनवितात. नायट्राइटही विषारीच, त्यामुळे माशाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती कमी होते. पण दुसऱ्या प्रकारचे जीवाणू त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्रेट बरेच निरुपद्रवी असते आणि वनस्पतींचे तर ते अन्नच होय. मातीतील या जीवाणूंचे कार्य रशियन शास्त्रज्ञ सर्गेई विनोग्रादस्की याने १८९० च्या सुमारास उलगडून दाखविले. शेतातील मातीत जे घडते, तेच टाकीतील वाळूत, दगडांवर आणि पाणी गाळणाऱ्या फिल्टरच्या स्पंजात घडते.

आता कोडे उलगडले. नव्या टाकीतील पाणी स्वच्छ होते. पण त्यात हे जीवाणू अद्याप वसले नव्हते. त्यांची वस्ती पुरेशी वाढण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टाकी मोठी असली तरी ती माशांचे घर झालेली नसते.

म्हणून शहाणा मनुष्य नवी टाकी भरल्यावर मासे जुन्याच टाकीत ठेवतो. नळाच्या पाण्यातील क्लोरीन माशांना आणि जीवाणूंनाही घातक. ते आधी घालवावे लागते. पाण्यात दिवसभर हवेचे बुडबुडे सोडले म्हणजे ते उडून जाते. ते चटकन घालविणारे औषधही दुकानात मिळते. मग फिल्टर अखंड चालू ठेवावा आणि जुन्या फिल्टरमधील अर्धा स्पंज नव्यात आणून बसवावा. दही लावताना आपण दुधात विरजण घालतो ना? तसाच हा प्रकार. विरजण जिवंत असेल तरच दही लागते. म्हणून तो स्पंज नळाखाली धुऊ नये आणि वाळू देऊ नये. जीवाणूंना अन्न मिळावे म्हणून रोज माशांच्या खाद्याची चिमूट रिकाम्या टाकीत टाकावी. पाण्यात थेंब टाकून रंगावरून परीक्षा करण्याची साधने मिळतात. अमोनिया व नायट्राइट दोन्ही नाहीसे झाले आणि सलग काही दिवस तसेच राहिले, म्हणजे घर तयार झाले.

या आठवड्यांत घरातील मुलांची मोठी परीक्षा होते. झगमगती टाकी समोर आहे, दिवा लागला आहे, पाणी खळाळते आहे आणि आत मासाच नाही! पाहुणे हसतात. धाकटी भावंडे रोज विचारतात. तरीही थांबायचे. ज्याला हे थांबणे जमले, त्याने मासे पाळण्याची निम्मी विद्या मिळविली असे समजावे.

स्थलांतराचा दिवस उजाडला, की सर्व कामे शांतपणे करावीत. दोन्ही टाक्यांतील पाण्याचे तापमान सारखे आहे ना, ते पाहावे. मासे जुन्याच पाण्याने भरलेल्या झाकणाच्या बादलीत घ्यावेत. ऑस्कर चांगला उडी मारतो, म्हणून झाकण विसरू नये. बादलीत नव्या टाकीतील पाणी थोडेथोडे मिसळत जावे आणि अर्ध्या-पाऊण तासाने मासे हलकेच सोडावेत. जुन्या फिल्टरचा उरलेला स्पंजही त्यांच्याबरोबर नव्या घरी न्यावा. दिवा मालवून ठेवावा आणि त्या दिवशी खाऊ घालू नये. प्रथम मासे बिचकून दगडाआड बसतात. एकदोन दिवसांनी ते बाहेर येतात, टाकीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोहत जातात आणि जागेची पाहणी करून आपापल्या सीमा आखून घेतात.

नव्या घराची नित्याची सेवाही मोठी असते. नायट्रेट साठत जाते, म्हणून आठवड्याला सुमारे चौथा हिस्सा पाणी बदलावे लागते. ६४८ लिटरचा चौथा हिस्सा १६२ लिटर; सोळा लिटरच्या बादलीने मोजले, तर दहा बादल्या! ज्या गावात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तेथे एवढी टाकी ठेवणे शोभणार नाही. जेथे पाणी पुरेसे आहे, तेथेही टाकीतून काढलेले पाणी गटारात ओतू नये. त्यात नायट्रेट असल्यामुळे ते झाडांना खतासारखे उपयोगी पडते. वीज पुष्कळ वेळ गेली, तर हवेवाचून मासे आणि फिल्टरमधील जीवाणू दोन्ही गुदमरतात. म्हणून विजेरीवर चालणारा हवेचा छोटा पंप जवळ असावा. अन्न बेताचेच घालावे. भुकेपेक्षा अति खाऊ घातल्यानेच टाकीतील मासे अधिक मरतात.

एवढे कष्ट करून मिळते काय? लहान टाकीत मासा फक्त जिवंत राहतो. मोठ्या टाकीत तो आपला स्वभाव प्रकट करतो. ऑस्करची जोडी जमली, की दोघे मिळून एक सपाट दगड निवडतात आणि तोंडाने तो घासूनपुसून लख्ख करतात. मादी त्यावर शेकडो अंडी घालते. मग आईबाप दोघेही पहारा करतात, पंखांनी अंड्यांवर पाण्याची झुळूक घालतात, खराब झालेली अंडी वेचून काढतात. मलावी सरोवरातील अनेक जातींची मादी तर अंडी तोंडातच धरून ठेवते आणि पिले बाहेर पडेपर्यंत सुमारे तीन आठवडे जवळजवळ उपाशी राहते. आपल्या कालुंदराच्या घरीही आईबाप दोघे पिलांची राखण करतात. ज्या जीवाला आपण मुका आणि थंड रक्ताचा म्हणतो, त्याच्या ठायी एवढी माया पाहिली, की त्याच्याकडे पाहण्याची आपली दृष्टीच बदलते.

आता शेवटचा प्रश्न. मासा वाढला आणि घरात मोठ्या टाकीला जागा नाही, पैसा नाही किंवा पाणी नाही, तर काय करावे? काही लोक अशा वेळी तो जवळच्या नदीत किंवा तळ्यात सोडून देतात आणि आपण पुण्य केले, असे मानतात. ते पुण्य नव्हे. परक्या देशातील मासा आपल्या पाण्यात रुजला, तर तो तेथील माशांचे अन्न आणि जागा बळकावतो. आफ्रिकेतील व्हिक्टोरिया सरोवरात १९५० नंतरच्या दशकात नाईल पर्च नावाचा मोठा शिकारी मासा बाहेरून आणून सोडला गेला. पुढील काही दशकांत त्या सरोवरातील सिक्लिडांच्या कित्येक जाती नाहीशा झाल्या किंवा अतिशय दुर्मीळ झाल्या. शेवाळ खाण्यासाठी टाकीत ठेवला जाणारा दक्षिण अमेरिकेचा सकर मासा आज भारतातील अनेक नद्या-तळ्यांत आढळतो, तोही असाच माणसाच्या हातून सुटलेला. मनूने आपला मासा गंगेत सोडला, कारण तो तेथलाच होता. आपला मासा सात समुद्रांपलीकडचा आहे, हा भेद विसरता कामा नये. अशा वेळी तो दुकानदाराला परत करावा किंवा ज्याच्याकडे योग्य टाकी आहे, त्याला द्यावा.

सर्वांत उत्तम मार्ग म्हणजे हा प्रश्न आधीच विचारणे. दुकानात बोटभर मासा दिसला, की तो मोठा झाल्यावर केवढा होईल, किती वर्षे जगेल आणि त्याला किती पाणी लागेल, हे दुकानदाराला विचारावे आणि पुस्तकात पाहावे. उत्तर आपल्या घराला झेपणारे नसेल, तर जन्मभर लहानच राहणारी दुसरी जात घ्यावी, किंवा हात जोडून रिकाम्या हाताने परत यावे. जीव लहान असताना तो सर्वांनाच हवासा वाटतो. तो मोठा झाल्यावरही ज्याच्या घरी त्याला जागा असते, त्यानेच त्याला खऱ्या अर्थाने पाळले, असे म्हणता येईल.

शब्दार्थ व टीपा

मचूळ – किंचित खारट. वीत – अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंतचे अंतर. पाणसळ – पृष्ठभाग समतल आहे की नाही, हे पाहण्याचे गवंड्याचे साधन. तिवई – वस्तू ठेवण्याची घडवंची. विरजण – दही लावण्यासाठी दुधात घालावयाचे थोडे दही किंवा ताक. विजेरी – विजेचा घट, बॅटरी. भाऊबंद – एका घराण्यातील नातलग.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मनूने माशाला क्रमाने कोठेकोठे ठेवले?
(आ) भारतात सिक्लिड कुळाच्या मूळच्या जाती किती आहेत?
(इ) वॉरिंग्टनने पात्रात गोगलगायी का सोडल्या?

२. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) 'मासा टाकीच्या मापाने वाढतो' हे म्हणणे लेखकाला का मान्य नाही?
(आ) निर्मळ दिसणाऱ्या पाण्यातही नवे मासे का दगावतात?
(इ) टाकीतील मासे नदीत सोडणे हे पुण्य का नव्हे?

३. जुन्या फिल्टरमधील स्पंजाला लेखकाने विरजणाची उपमा दिली आहे. ती कशी योग्य आहे, हे स्पष्ट करा.

४. गणित करून पाहा. १२० × ४५ × ४५ सेंटीमीटरच्या टाकीत किती लिटर पाणी मावेल? त्याचे वजन किती होईल? आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलायचे, तर सोळा लिटरच्या सुमारे किती बादल्या लागतील?

५. पुढील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा : बिऱ्हाड थाटणे, हुसकून लावणे, दखल घेणे, ओघाने येणे.

६. पुढील सामासिक शब्दांचा विग्रह करा : आईबाप, नदीकाठ, राज्यमत्स्य, रात्रंदिवस.

७. निबंध : 'मला एक प्राणी पाळायचा आहे.' तो आणण्यापूर्वी तुम्ही स्वतःला कोणते प्रश्न विचाराल, ते कारणांसह लिहा.

८. उपक्रम : तुमच्या गावाजवळील नदीत, तळ्यात किंवा खाडीत कोणते मासे मिळतात, त्यांची स्थानिक नावे कोळी किंवा भोई बांधवांना विचारून वहीत लिहा. त्यांपैकी कोणते मूळचे आणि कोणते बाहेरून आलेले, हे शिक्षकांच्या मदतीने शोधा.